बाण कधी सोडू नये

येवला तालुक्यातील राजापूर-ममदापूरच्या माळावर खरिपाची पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले की एकाच शेतात दोन दृश्ये दिसतात. एका बाजूला नुकतेच वर आलेले मुगाचे आणि बाजरीचे कोंब असतात, तर दुसऱ्या बाजूला तेच कोंब खुडत, मधूनच मान वर करून रस्त्याकडे पाहणारा काळविटांचा कळप असतो. या भागातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्राला २०१४ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. नाशिककरांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु एकदा पावसाने दगा दिला म्हणून आणि दुसऱ्यांदा हरणांनी रान साफ केले म्हणून दुबार पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्या अभिमानात वाटेकरी व्हायला सांगणे धाडसाचेच आहे. इगतपुरीच्या भातखाचरांत हीच तक्रार रानडुकरांविषयी ऐकू येते. निफाड-दिंडोरीच्या उसात ती बिबट्याविषयी असते आणि तिथे तर पिकापेक्षा जिवाची काळजी मोठी असते.

या सगळ्या ठिकाणची चर्चा एकाच उंबरठ्यावर येऊन अडते: मारण्याची परवानगी द्यावी की देऊ नये. ग्रामसभेत एक सूर, शहरातल्या प्राणिमित्रांच्या बैठकीत दुसरा सूर, आणि दोन्हीकडे आवाज चढलेले. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. परवानगी मिळालीच, तर नेम कोणी धरायचा, किती अंतरावरून धरायचा, जनावर कोणत्या अंगाने उभे असताना धरायचा, कधी धरलेला नेम सोडून द्यायचा आणि घाव चुकला तर त्यापुढची जबाबदारी कोणाची, हा उरलेला अर्धा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. जगात तो सर्वांत कसोशीने विचारला आहे तो धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांनी, म्हणून त्यांच्या विद्येकडे वळणे मला आवश्यक वाटते. मी शिकारीचा पुरस्कर्ता नाही, आणि आपल्या जिल्ह्यात कोणी पिकाच्या रक्षणासाठी धनुष्य मागितले तर मी विरोधच करीन. तरीही ज्यांचे हत्यार सर्वांत दुबळे, त्यांचे नियम सर्वांत कडक असतात. ते वाचण्यात आपले काही जात नाही.

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत धनुष्यबाणाने हरीण मारण्याचा कायदेशीर हंगाम असतो. तिथे व्हाइटटेल हरणे कोट्यवधींच्या संख्येत आहेत आणि त्यांना खाणारे लांडगे बहुतेक प्रदेशांतून माणसाने केव्हाच संपवले आहेत. इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत मात्र धनुष्याने हरीण मारणे कायद्याने निषिद्ध आहे. गंमत अशी की परवानगी देणारे आणि बंदी घालणारे, दोघेही एकाच गोष्टीच्या धाकात आहेत, ती म्हणजे मेलेले नव्हे तर जखमी होऊन निसटलेले हरीण.

बंदुकीची गोळी आपल्या वेगाच्या धक्क्याने आजूबाजूच्या पेशी फाडते. बाणाकडे तो धक्का नसतो; त्याच्या टोकावरची वस्तऱ्यासारखी पाती फक्त कापतात, आणि हरीण मरते ते रक्तस्रावाने किंवा दोन्ही फुप्फुसे निकामी झाल्याने. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर ते काही सेकंदांत, बहुधा शे-दीडशे पावलांच्या आत कोसळते. या मर्मस्थानाचा आकार साधारण वीस सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीएवढा असतो, म्हणून तिथले धनुर्धर सरावासाठी तेवढीच ताटली लावतात. ताटलीच्या लगेच मागे कोठीपोट, म्हणजे खाल्लेला चारा साठवणारे मोठे पोट, असते. ज्याने कधी जनावर पाळले आहे त्याला कोठीपोट फाटणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. असे हरीण तासन्‌तास जिवंत राहते, पाण्याच्या कडेला जाऊन बसते आणि जखम चिघळून मरते.

म्हणून हरीण कोणत्या अंगाने उभे आहे यावर सर्व काही ठरते. ते पूर्ण आडवे उभे असेल, किंवा तोंड पलीकडे करून किंचित तिरके उभे असेल, तरच बाण सोडायचा. तिरक्या अवस्थेत बाण मागच्या बरगड्यांमधून शिरून पुढे फुप्फुसांकडे जातो आणि हरणाची नजरही शिकाऱ्यावर नसते. समोरासमोर उभ्या हरणाला छातीचे हाड आणि फऱ्यांचे हाड कवचासारखे असते, आणि जी फट उरते ती जेमतेम तळहाताएवढी, तिच्या लगेच मागे पुन्हा पोट. पाठमोऱ्या हरणावर, धावत्या हरणावर, डोक्यावर किंवा मानेवर नेम धरणे हे तिथले जाणते लोक निव्वळ हौस समजतात. झाडावरच्या मचाणातून अगदी खाली नेम धरला तर बाण एकाच फुप्फुसातून जाण्याचा धोका असतो, आणि एका फुप्फुसावर हरीण पुष्कळ दूर जाऊ शकते.

यापेक्षाही बोलका हिशेब अंतराचा आहे. आधुनिक चाकांच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ८० मीटर जातो, आणि प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला ३४० मीटर. हरीण ३० मीटरवर असेल तर आवाज त्याच्या कानी पडल्यानंतर बाण पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ उरतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते, आणि दचकायला एक दशांश सेकंद गेला असे धरले तरी उरलेल्या वेळात त्याचे अंग गुरुत्वाकर्षणानेच जवळजवळ वीतभर खाली येते. २० मीटरवर हाच फरक दोन-तीन बोटांचा असतो; ४० मीटरवर तो पावणेदोन वितींच्या घरात जातो. ऑलिंपिकमधला तिरंदाज ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यातील १२.२ सेंटिमीटरचे दहा गुणांचे वर्तुळ पुन्हापुन्हा भेदतो, परंतु त्याच तिरंदाजाला हरणासमोर उभे केले तर जाणता शिकारी सांगेल की बाबा, तीस मीटरच्या पुढे प्रत्यंचा ओढू नकोस. कागदी लक्ष्य आवाजाने दचकत नाही. कौशल्य वाढल्याने अंतराची मर्यादा तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, ही गोष्ट हत्यार हाती घेतलेल्या माणसाला पटवणे सर्वांत अवघड असते, आणि ती फक्त धनुर्धरांनाच लागू आहे असे मुळीच नाही.

बाण लागल्यावर तर खरी परीक्षा सुरू होते. गुलाबी, फेसाळ रक्त दिसले तर फुप्फुस. काळपट लाल दिसले तर यकृत. हिरवट डाग आणि चाऱ्याचा वास असेल तर पोट. फुप्फुसाला लागले असे वाटले तरी अर्धा तास जागचे हलायचे नाही, आणि पोटाची खूण मिळाली तर सहा-आठ तास थांबून मग माग काढायचा, कारण घाई करून उठवलेले जखमी हरीण कोसभर पळते आणि कायमचे हातचे जाते. हे वाचताना शहरी मनाला किळस येते, हे मी समजू शकतो. माझ्या मते किळस यायला हवी ती हे नियम माहीत नसताना चाप ओढणाऱ्याची.

आपल्या परंपरेला ही विद्या परकी आहे, असेही नाही. सोन्याच्या हरणामागे राम धावला तो पंचवटीतून, असे आपण नाशिककर मानतो, आणि त्याने बाण कुठून सोडला त्याची आख्यायिका नांदूरमध्यमेश्वरच्या मृगव्याधेश्वराशी जोडलेली आहे. आज त्याच परिसरात राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. परंतु आपण ज्या कथा लहानपणापासून ऐकतो त्या चुकलेल्या नेमांच्या आहेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. दशरथाने रात्रीच्या अंधारात, घडा भरण्याच्या आवाजावर, हत्ती असावा असे समजून बाण सोडला आणि श्रावणबाळाचा जीव घेतला. शब्दवेधाचा त्याला अभिमान होता, आणि लक्ष्य डोळ्यांनी न पाहता चाप ओढणाऱ्या प्रत्येकाचा गुन्हा नेमका तोच असतो. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून कृष्णाचे पाऊल दिसले आणि ते त्याला हरीण वाटले. जनावराचा एक तुकडा दिसला की उरलेले जनावर आपले मन रचते. मला सर्वांत मार्मिक वाटते ती पांडूची कथा. मृगरूपातील ऋषी बाणाने कोसळल्यावर पांडू राजधर्माचा दाखला देतो की राजे मृगया करतातच, आणि ऋषीचे उत्तर असे आहे की मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, परंतु मैथुन संपेपर्यंत तू थांबायला हवे होतेस. मारण्याचा हक्क मान्य करूनही वेळ चुकीची होती असे सांगणारा हा युक्तिवाद मला आजच्या बहुतेक वादांपेक्षा प्रौढ वाटतो.

आता आपल्या शिवारात या. आपल्याकडे शिकार बंद आहे, मारणे बंद नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीच्या व्याख्येत जखमी करणेही येते, आणि काळवीट सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची एकमध्ये असल्याने त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही बांधाबांधाला क्लच वायरचे फास लागतात, कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवले जातात, आणि झटका मशीनऐवजी थेट खांबावरून आकडा टाकून कुंपणात वीज सोडली जाते. फासाला कोण सापडणार हे फास लावणाऱ्याला ठाऊक नसते. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, कुंपणाच्या तारेला शेजारचा शेतकरी चिकटतो, आणि बॉम्ब चावलेले डुक्कर जबडा फुटलेल्या अवस्थेत भुकेने मरते. दशरथाने निदान आवाज तरी ऐकला होता. इथे तर नेम धरणारा रात्री घरी झोपलेला असतो.

माझ्या शाकाहारी मित्रांना हे बोलणे नेहमी खटकते. नीतीची भाषा शिकारीला चिकटवली की शिकारीलाच प्रतिष्ठा मिळते, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. परंतु मारण्याची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. कलम ११ नुसार माणसाला धोकादायक ठरलेल्या, किंवा बरे होण्यापलीकडे जखमी-आजारी असलेल्या अनुसूची एकमधील प्राण्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, मात्र तो पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. इतर काही प्राण्यांबाबत उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण पुरते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांना परवान्याने मारण्याची तरतूद केली. बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मोकामा परिसरात बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले गेले आणि त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. त्या खडाजंगीत मारणे योग्य की अयोग्य यावर पुष्कळ बोलले गेले. किती रोही पहिल्या गोळीला पडले आणि किती जखमी होऊन पळाले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मारणे अधिकृत आहे आणि त्याची पद्धत मात्र कोणाच्या तरी मर्जीवर सोडली आहे, या अवस्थेला मी प्रतिष्ठा देत नाही, तिच्यावर बोट ठेवतो.

शेतकऱ्याचा आक्षेप वेगळा आणि अधिक अवघड आहे. शेतीची वीज रात्री येते, राखण रात्रीच करावी लागते, आणि रात्री दोन वाजता भातात शिरलेले डुक्कर आडवे उभे राहील याची वाट कोण पाहणार? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. नियम पाळले तर जनावरे कमी मरतील आणि पिकाचे नुकसान काही काळ चालूच राहील, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच नेमाची जबाबदारी झोप न झालेल्या, चिडलेल्या शेतकऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ते काम प्रशिक्षित पथकाचे आहे, आणि पथक पोहोचेपर्यंतच्या नुकसानीची भरपाई पंचनाम्याच्या कागदांत हंगाम न घालवता देणे हे शासनाचे. काळविटांचा प्रश्न तर बंदुकीने सुटणारच नाही. हरीणवर्गीय जनावर इतके घाबरट असते की नुसत्या पाठलागाने त्याचे स्नायू निकामी होतात आणि पकडल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी ते मरते. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने हाकारून, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या कापडी आवाराच्या पद्धतीने, शेकडो काळवीट शेतांतून हलवले गेले. येवल्याच्या माळावर ते जमेल की नाही हे तज्ज्ञांनी पाहावे. निदान पाहावे तरी.

नाशिक शहराला हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर बिबट्याचा दिवस आठवावा. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत सकाळी बिबट्या शिरला आणि एका बंगल्याच्या मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीआड दबून बसला. अर्ध्या तासात गच्च्या भरल्या, मोबाइल उंचावले गेले, शिट्ट्या सुरू झाल्या. बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक घेऊन आलेल्या पशुवैद्यांनी दोनदा बंदूक खांद्याला लावली आणि दोनदा खाली घेतली. पहिल्या वेळी बिबट्याचे तोंड सरळ त्यांच्याकडे होते. दुसऱ्या वेळी त्याच्या मागच्या फाटकाशी पोरे चढलेली होती. गच्चीवरून कोणीतरी ओरडले, ‘अहो, मारायला आलात की फोटो काढायला?’ आणि हशा पिकला. मीही त्या गच्चीवर होतो, आणि हसलो नसलो तरी मनात चडफडलो होतो, हे कबूल केले पाहिजे. तासाभराने फाटक मोकळे झाले, बिबट्या कुशीवर वळला आणि इंजेक्शन मांडीत बसले.

त्या दोन न झाडलेल्या नेमांचा अर्थ मला पुष्कळ नंतर कळला. इंजेक्शनची सुई बाणासारखीच संथ असते आणि जवळूनच मारावी लागते. ती मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसायला हवी, छातीत किंवा पोटात घुसली तर औषधाने झोपवायच्या जनावराला तीच मारते. औषध चढायला शांत जनावरालाही कित्येक मिनिटे लागतात, आणि आरडाओरड्याने भेदरलेल्या जनावराला त्याहून जास्त. त्या मधल्या मिनिटांत सुई टोचलेला, बिथरलेला बिबट्या ज्या दिशेला पळेल तिथे कोण उभे आहे, हा नेमाचाच भाग असतो. हरणाच्या शिकाऱ्याला बाणाच्या पलीकडे काय आहे हे पाहायला शिकवतात. आपल्या गच्च्यांवरच्या गर्दीला ते कोणी शिकवलेले नाही, आणि बंदूक खाली घेणाऱ्या माणसाला आपण भित्रा म्हणतो. गर्दीच्या दबावाखाली घाईने झाडलेल्या इंजेक्शनाने एखादा बिबट्या दगावला किंवा माणूस जखमी झाला, की हीच गर्दी खात्याला जाब विचारते.

यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ वाघीण गोळीने मारली गेली, तेव्हा आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा असा आदेश होता. तिच्या अंगातील इंजेक्शन खरोखर बंदुकीतून झाडलेले होते का, अशी शंका पुढे चौकशीत घेतली गेली. माणसे मारणारी वाघीण हटवायला हवी होती, याविषयी माझे दुमत नाही. परंतु अंधार, अंतर, जनावराची अवस्था आणि आधीचा पर्याय खरोखर वापरला गेला की कागदासाठी, हे प्रश्न जनावर मेल्यानंतर न्यायवैद्यकाने उकलायचे नसतात. चाप ओढण्यापूर्वी त्यांची उत्तरे ठरलेली असावी लागतात. बिबट्याला अनुसूची एकमधून काढा, ही मागणी आपल्या भागात अलीकडे जोर धरते आहे. ती मान्य झाली तर असे प्रसंग क्वचित न घडता नेमाने घडतील, आणि म्हणून ती मागणी करणाऱ्यांनीच या नियमांसाठी सर्वांत आधी हट्ट धरायला हवा.

डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करू इच्छिणाऱ्याला आधी नेमाची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे परवान्याने रानडुक्कर मारणाऱ्याचीही अशी परीक्षा व्हावी, आणि तीत उभ्या लक्ष्याबरोबरच नेम कधी सोडून द्यायचा हेही तपासले जावे: समोर दहा चित्रे ठेवावीत, ज्यांत सात वेळा चाप न ओढणे हेच बरोबर उत्तर असेल. अंतराची कमाल मर्यादा परवान्यावर आकड्यात लिहिलेली असावी. अंधारात, झाडीतून, आवाजावरून गोळी झाडल्यास परवाना तिथल्या तिथे रद्द व्हावा. माग काढण्याचे काम आपल्या आदिवासी पाड्यांतील जाणत्यांइतके चांगले कोणाला येत नाही. ज्या समाजांना एकेकाळी शिकारी म्हणून गुन्हेगार ठरवले गेले, त्यांच्यातील माणसांना या कामाचे रीतसर मानधन द्यावे. साहेबांनी आणि संस्थानिकांनी बंदुकीने उजाड केलेल्या रानाचा ठपका त्यांनी पुरेसा सोसला आहे.

आणि परवान्याच्या अहवालात, किती मारले या रकान्याशेजारी, किती जखमी होऊन निसटले असा एक रकाना असावा. तो भरला गेला, तर दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या जनावराच्या मागावर कोण गेले होते आणि ते कुठपर्यंत गेले, हे त्याच ओळीत पुढे लिहिलेले असावे.